उकिरड्याचे पांग

ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्याचा मुक्काम आटोपून सासवडकडे निघते, तेव्हा हडपसर मागे पडल्यानंतर आणि दिवे घाटाची चढण लागण्यापूर्वी वारकऱ्यांच्या वाटेवर उरुळी देवाची हे गाव येते. गावाच्या नावातच देव आहे. परंतु गेली तीन दशके महाराष्ट्राला हे गाव ठाऊक आहे ते देवामुळे नव्हे, तर पुणे महापालिकेच्या कचरा डेपोमुळे. उरुळी देवाची आणि शेजारचे फुरसुंगी या दोन गावांच्या शिवारात, जुन्या दगडखाणींच्या जागेवर, १९९० च्या दशकाच्या आरंभापासून पुण्याचा कचरा पडत आला. विहिरींचे पाणी नासले, ते पिण्याच्या लायकीचे उरले नाही, टँकरची वाट पाहणे नशिबी आले. माशा, दुर्गंधी आणि उन्हाळ्यात पेटणाऱ्या ढिगांचा धूर हे तेथील ऋतुमानच झाले.

त्यापूर्वी पुण्याचा कचरा कोथरूडला पडत असे. कोथरूड तेव्हा शहराबाहेरचे गाव होते. पुढे तेथे वसाहती झाल्या, सुशिक्षित, जाणता, अर्ज-विनंत्या करता येणारा समाज राहावयास आला आणि डेपो हलवण्याची मागणी झाली. ती रास्त होती व यथावकाश मान्यही झाली. आज त्या जागेवर मेट्रोच्या गाड्यांचे आगार उभे आहे. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, अशी म्हण मराठीत आहे. कोथरूडच्या उकिरड्याचे पांग फिटले. उरुळीच्या उकिरड्याला मात्र दोन तपे उलटली, तिसरे सरत आले.

गावकऱ्यांनी रस्ते अडवले, गाड्या रोखल्या. २०१४ च्या अखेरीस आणि २०१५ च्या आरंभी असे आंदोलन झाले, तेव्हा पुण्याच्या पेठांतून कचऱ्याचे ढीग साचले आणि वृत्तपत्रांनी ‘शहर वेठीस’ अशा धाटणीचे मथळे दिले. शहर चार दिवस वेठीला धरले गेले होते. गाव किती वर्षे वेठीला धरले गेले, हा प्रश्न त्या मथळ्यांत बसत नव्हता. २०१७ साली ही दोन्ही गावे पुणे महापालिकेत घेण्यात आली. म्हणजे ज्यांच्या दारात कचरा टाकला, त्यांनाच त्या महापालिकेचा कर भरण्याची संधी मिळाली. पुढे २०२४ मध्ये ती पुन्हा वगळून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. कागदावरच्या सीमा अशा आत-बाहेर झाल्या. कचऱ्याचा डोंगर मात्र जागचा हलला नाही. त्याचा काही भाग जैविक प्रक्रियेने उकरून, चाळून साफ करण्याचे काम राष्ट्रीय हरित लवादाच्या दट्ट्यानंतर हाती घेतले गेले आहे. परंतु त्याची गती आणि शहराच्या वाढीची गती यांची तुलना न केलेली बरी.

उरुळीची कथा सांगण्याचे कारण ती अपवादात्मक आहे हे नव्हे, तर ती सार्वत्रिक आहे हे आहे. प्रत्येक शहराची एक उरुळी असते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या अहवालानुसार देशात रोज सुमारे १ लाख ६० हजार टन घनकचरा निर्माण होत होता. त्यातील जेमतेम निम्म्या, म्हणजे ८० हजार टनांच्या आसपास कचऱ्यावर प्रक्रिया झाली. २९ हजार टनांहून थोडा अधिक कचरा भूभरणासाठी गेला. राहिलेल्या सुमारे ५० हजार टनांचा हिशेब अहवालालाच लागलेला नाही. रोजचे ५० हजार टन! हा कचरा हवेत विरून गेला नाही. तो कोणाच्या तरी ओढ्यात, कोणाच्या तरी गायरानात, कोणत्या तरी झोपडवस्तीच्या मागच्या खाचरात पडला आहे. ज्याच्या दारात तो पडला तो माणूस अर्थातच तो निर्माण करणाऱ्यापेक्षा गरीब आहे.

कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर या देशाला फार पूर्वीच जाग आलेली आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली, लाखो लोकांनी शहर सोडले आणि घाणीने नुसती शोभाच जाते असे नव्हे, तर व्यापारही बसतो हे हिऱ्यांच्या आणि कापडाच्या पेठेला एका आठवड्यात समजले. १९९६ साली अल्मित्रा पटेल यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. त्यातून समिती नेमली गेली, तिचा अहवाल आला आणि त्याच्या आधारे केंद्र सरकारने २००० साली नागरी घनकचऱ्याचे नियम केले. कचरा उगमापाशीच वेगळा करावा, घरोघरून गोळा करावा, त्यावर प्रक्रिया करावी आणि फक्त उरलासुरला भाग जमिनीत पुरावा, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. प्रक्रिया केंद्रे उभारण्यास नगरपालिकांना २००३ अखेरपर्यंत मुदत होती. ती मुदत आली आणि गेली. २०१६ साली नवे नियम झाले; त्यांत ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग करण्याचे बंधन घरमालकावरच घातले गेले. त्यानंतरही सुधारणांचे सत्र चालूच आहे. कायदा अपुरा आहे म्हणून कचरा साचला, असे म्हणण्यास जागा नाही.

मुंबईचे उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारे आहे. देवनारला १९२७ पासून कचरा पडतो आहे. २०१६ च्या जानेवारीत तेथे जी आग लागली तिचा धूर उपग्रहांच्या छायाचित्रांत दिसला, परिसरातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या. पाठोपाठ उच्च न्यायालयाने मुंबईतील नव्या बांधकामांवर निर्बंध आणले. कचरा ठेवायला जागा नसताना नवे इमले कशासाठी, असा तो साधा, घरातल्या वडीलधाऱ्याने विचारावा तसा प्रश्न होता. दोन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्बंध सैल केला आणि इमले पुन्हा चढू लागले. २०२५ साली देवनारचा हा जुना डोंगर हलवण्यासाठी महापालिकेने काढलेली निविदा २ हजार कोटी रुपयांहून अधिक रकमेची होती. घराघरांत दोन डबे ठेवण्याचे काम जवळजवळ शतकभर टाळल्याची ही किंमत आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

मुळात हा प्रश्न यंत्राने सुटेल, ही समजूतच आपल्या नगरशासनांना पुन्हा पुन्हा खड्ड्यात घालत आली आहे. तिमारपूरचा अनुभव या संदर्भात आवर्जून आठवावा असा आहे. १९८७ साली दिल्लीत तिमारपूर येथे डेन्मार्कच्या तंत्रज्ञानावर आधारलेला, रोज ३०० टन कचरा जाळून वीज निर्माण करणारा प्रकल्प मोठ्या थाटात उभारण्यात आला. जेमतेम काही आठवड्यांत तो बंद पडला. यंत्रात दोष नव्हता. युरोपातील कचरा कोरडा, कागद-पुठ्ठ्याचा असतो आणि तो पेटतो. दिल्लीचा कचरा म्हणजे भाजीची देठे, कलिंगडाच्या साली, उरलेला भात, अंगणातला पाला आणि झाडूबरोबर आलेली माती. त्यातील जे काही जळण्याजोगे, ते रद्दीवाल्याने आणि भंगारवाल्याने आधीच विकत घेतलेले किंवा कचरावेचकाने वेचलेले. उरलेला ओला लगदा पेटवायचा म्हणजे भिजलेल्या लाकडांची चूल फुंकत बसण्यासारखेच. ज्या समाजात कागदाचा कपटा आणि रिकामी बाटलीसुद्धा विकली जाते, त्या समाजाचा कचरा काय असतो, हे कोणत्याही गृहिणीला विचारले असते तरी तिने सांगितले असते. तिला कोणी विचारले नाही. दिल्लीत पुढे असे आणखी प्रकल्प झाले. ते चालतातही, परंतु त्यांच्या धुराविरुद्ध आसपासच्या रहिवाशांना वर्षानुवर्षे न्यायालयाचे उंबरठे झिजवावे लागले आहेत.

याउलट जे तंत्र या मातीतले, त्याची उपेक्षा झाली. सेंद्रिय कचऱ्यापासून शास्त्रशुद्ध खत तयार करण्याची जी पद्धत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते, ती १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या वनस्पती संशोधन संस्थेत सिद्ध झाली. अल्बर्ट हॉवर्ड हे नाव त्यासाठी घेतले जाते. मात्र १९३१ साली या विषयावर जो ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यावर हॉवर्ड यांच्या बरोबरीने यशवंत वाड यांचे नाव आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. होळकरांच्या संस्थानात बसून एका इंग्रज शास्त्रज्ञाने आणि त्याच्या भारतीय सहकाऱ्याने शेतकऱ्याच्या शेणाला, पाल्याला आणि उकिरड्याला शास्त्राचा दर्जा दिला. येथील शेतकरी हेच आपले गुरू, अशी हॉवर्ड यांची प्रांजळ भूमिका होती. ती पद्धत इंग्लंड-अमेरिकेतील सेंद्रिय शेतीच्या चळवळीचा पाया बनली आणि भारतातील नगरपालिका मात्र परदेशी भट्ट्यांच्या शोधात दौरे काढीत राहिल्या.

अर्थात, जुन्या काळाचे गोडवे गाण्यानेही काही साधणार नाही. एके काळी घरात कचरा होतच नसे, हे खरे. जुनेर बोहारणीकडे जाई, रद्दी वाण्याच्या पुड्यांना लागे, भांड्याला कल्हई होई, खरकटे गाईला आणि शेण परसातल्या खड्ड्याला. परंतु त्या व्यवस्थेची दुसरी बाजू विसरता येत नाही. जे कोणीच हाताळू इच्छीत नव्हते, ते डोक्यावरून वाहून नेण्याचे काम ठरावीक जातींच्या माथी मारले गेले होते. घर आतून पोतेरे फिरवून लखलखीत आणि उंबऱ्याबाहेरची घाण ‘त्यांची’, ही मनोवृत्ती तेथून आली आहे. आज सोसायटीच्या चौथ्या मजल्यावरून पिशवी खाली भिरकावणारा पदवीधर जातिभेद मानत नसेल, पण ती पिशवी उचलणारे कोणी तरी खाली असणारच, ही त्याची खात्री त्याच जुन्या संस्कारातून आलेली आहे. या देशातील कचऱ्याचा प्रश्न तंत्रज्ञानाच्या अभावी अडलेला नाही, पैशाअभावी तर नाहीच नाही. तो या खात्रीपाशी अडलेला आहे.

पुण्याने या बाबतीत उरुळीचा अन्याय केला, तसा एक चांगला पायंडाही पाडला. डोक्यावर पोते घेऊन कुंड्या उपसणाऱ्या बायका पुण्यात पूर्वीपासून होत्या. त्यांतील कितीतरी कुटुंबे १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून उठून शहरात आलेली. त्यांना चोर समजून पोलीस अडवीत, कुत्री अंगावर येत, भंगारवाला वजनात मारी. १९९३ साली त्यांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठातील प्राध्यापिकांनी या कामाला आरंभी हात दिला आणि डॉ. बाबा आढाव यांनी तिचे नेतृत्व केले. बाबांची विचारसरणी समाजवादी. अनेक प्रश्नांवर त्यांच्याशी मतभेद असू शकतात आणि ते या पृष्ठांवर वेळोवेळी मांडलेही जातील. परंतु हमालाच्या पाठीवरचे ओझे आणि कचरावेचक बाईच्या डोक्यावरचे पोते ज्याला दिसले, त्याचे हे ऋण मान्य करण्यास कोणाच्याही निष्ठेला बाधा येत नाही.

पंचायतीने प्रथम मागितले ते ओळखपत्र. पैसा नव्हे, नोकरी नव्हे. ‘ही बाई चोर नाही, ती शहराचे काम करते’ एवढेच लिहिलेला एक कागद. महापालिकेने तो दिला. पुढे आरोग्य विम्याची सोय झाली आणि २००८ साली याच कष्टकऱ्यांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था स्थापन होऊन तिने महापालिकेशी करार केला. कुंडीत हात घालणारी बाई आता ढकलगाडी घेऊन दारावर येऊ लागली. ओला कचरा महापालिकेच्या गाडीत, सुका तिच्या वाट्याला. तो निवडून विकायचा हक्क तिचा आणि घरटी ठरलेले शुल्क थेट तिच्या हातात. साडेतीन हजारांच्या आसपास माणसे, बहुतांश स्त्रिया, या कामावर उपजीविका करतात. त्या जेवढा माल वेगळा करून पुनर्वापराला पाठवतात, तेवढा वाहून नेण्याचा, साठवण्याचा आणि पुरण्याचा खर्च महापालिकेचा वाचतो. उरुळीच्या डोंगरावर तेवढे कमी पडते.

असे असूनही या कराराचे नूतनीकरण दर वेळी अडखळते. मुदत संपते, तात्पुरती वाढ मिळते, पुन्हा संपते. मध्येच एखादा ठेकेदार चकचकीत गाड्यांचा प्रस्ताव घेऊन येतो आणि काही नगरसेवकांना एकाएकी ‘आधुनिकीकरणा’ची निकड जाणवू लागते. येथे ठेक्याचे गणित समजून घेतले पाहिजे. बहुतेक शहरांत ठेकेदाराला पैसे मिळतात ते वजनावर. जितके टन डेपोवर पोहोचले तितके बिल. मग कचरा कमी होण्यात त्याला रस कशाला असेल? ओला-सुका एकत्र झाला की वजन वाढते. पावसात भिजला की आणखी वाढते. बांधकामाचा राडारोडा खाली अंथरला की काटा डोलू लागतो. घरातील बाईने मन लावून दोन डबे वेगळे ठेवायचे आणि दारातल्या गाडीने ते तिच्या डोळ्यांदेखत एकाच हौद्यात ओतायचे, हे दृश्य ज्याने पाहिले नाही असा महाराष्ट्रीय शहरवासी विरळा. त्यानंतर ती बाई डबे वेगळे ठेवणे सोडून देते, तो दोष तिचा नाही. ठेक्याच्या अटीच वर्गीकरणाच्या विरोधात लिहिलेल्या असतील, तर प्रबोधनाचे फलक लावणे हा छपाईचा खर्च आहे.

तरीही घरांच्या वाट्याला काहीच दोष येत नाही असे नव्हे. ज्या गोष्टीला कोणत्याही ठेकेदाराची आडकाठी नाही, ती तरी किती घरांत होते? वापरलेले सॅनिटरी पॅड आणि बाळाचे डायपर उघडेच डब्यात पडतात, कचरावेचक बाईला ते हाताने वेगळे करावे लागतात. ‘स्वच्छ’च्या स्त्रियांनी २०१३ साली असे वापरलेले पॅड गोळा करून थेट ते बनवणाऱ्या कंपन्यांना पाठवले होते. कृती बोचरी होती, पण अकारण नव्हती. त्यानंतर पुण्यात ‘लाल ठिपक्या’ची मोहीम निघाली. असा कचरा वर्तमानपत्रात गुंडाळावा, त्यावर लाल ठिपका काढावा, म्हणजे उचलणाऱ्या हाताला तो उघडावा लागत नाही. लागतो तो जुन्या वर्तमानपत्राचा एक कागद आणि लाल पेन. ज्या घरात आलेल्याला पाणी विचारल्याशिवाय दारातून पाठवीत नाहीत, त्या घराला हे जड जाऊ नये.

हे सारे व्यवहारात उतरू शकते, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ले हे बारा-तेरा हजार वस्तीचे नगर. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या कारकिर्दीत, २०१५ पासून पुढच्या काही वर्षांत, या नगरपरिषदेने कचऱ्याचे वीसहून अधिक प्रकारांत वर्गीकरण करून दाखवले. ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि खत, प्लॅस्टिकचा वापर रस्त्याच्या डांबरात, आणि जेथे कचऱ्याचे ढीग होते तेथे बाग. शहराचा कचरा डेपो पाहायला पर्यटक येऊ लागले! कोकणी माणूस चिकित्सक. त्याला पटेपर्यंत तो हलत नाही आणि पटल्यावर मागे हटत नाही, असे म्हणतात. पण खरे कारण स्वभावात शोधण्यापेक्षा कामाच्या रीतीत शोधावे. तेथे आधी गाडीत वेगळे कप्पे झाले, मग नागरिकांकडून वेगळ्या कचऱ्याची अपेक्षा केली गेली. बहुतेक ठिकाणी क्रम नेमका उलटा असतो.

वेंगुर्ले लहान आहे, मोठ्या शहरांना ते कसे जमावे, हा आक्षेप ठरलेला. त्याला उत्तर इंदूर. महापौर मालिनी गौड आणि आयुक्त मनीष सिंह यांच्या काळात या शहराने रस्त्यावरच्या कुंड्याच काढून टाकल्या, दारोदार गाड्या पाठवल्या आणि मिश्र कचरा घेण्यास नकार देण्याचे धैर्य दाखवले. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात ते सातत्याने अग्रस्थानी राहिले. देवगुराडिया येथील सुमारे १३ लाख टनांचा, शंभर एकरांवर पसरलेला जुना डोंगर २०१८ साली पालिकेने स्वतः यंत्रे भाड्याने घेऊन काही महिन्यांत साफ केला. त्यासाठी लागलेला खर्च ठेकेदारांच्या मार्गाने अपेक्षित असलेल्या खर्चाच्या कितीतरी खाली होता. २०२२ साली तेथेच रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून इंधनवायू तयार करणाऱ्या प्रकल्पाचे उद्घाटन पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. तिमारपूरची भट्टी विझली आणि इंदूरचा प्रकल्प चालतो, या दोहोंत फरक यंत्राच्या प्रतीचा कमी आणि यंत्रात जाणाऱ्या मालाचा अधिक आहे. इंदूरच्या प्रकल्पाला मिळणारा ओला कचरा खरोखरच ओला असतो. कारण तो लाखो स्वयंपाकघरांतून वेगळा निघालेला असतो. येथेही कौतुकात वाहून जाण्याचे कारण नाही. याच शहरात २०२५ च्या डिसेंबरअखेरीस भागीरथपुरा भागात पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळून माणसे दगावली. सर्वेक्षणातला क्रमांक जमिनीखालच्या नळापर्यंत पोहोचत नाही.

एक शंका उरते ती टिकाऊपणाची. सुरतेला प्लेगनंतर आयुक्त म्हणून आलेले एस. आर. राव यांनी अधिकाऱ्यांना वातानुकूलित कक्षातून उठवून रोज सकाळी रस्त्यावर उभे केले, दोन वर्षांत शहराचा कायापालट केला आणि त्यांची बदली झाली. तरी सुरत पुन्हा पूर्वीच्या घाणीत गेली नाही, कारण वेळेवर रस्त्यावर येण्याची सवय यंत्रणेच्या अंगी मुरली होती आणि नागरिकांना प्लेग आठवत होता. इतरत्र मात्र चांगला अधिकारी जातो आणि त्याच्याबरोबर त्याची घंटागाडीही जाते, असाच अनुभव आहे. पुण्यात प्रभागाप्रभागांत उभारलेल्या लहान बायोगॅस प्रकल्पांतील काहींची अवस्था या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

उत्पादकांच्या जबाबदारीचा मुद्दाही राहतो. शाम्पूची एक रुपयाची पुडी आणि कुरकुरीत खाऊचे चकाकते पाकीट यांना भंगाराच्या बाजारात किंमत नाही; कचरावेचक ते उचलत नाही, गाय मात्र गिळते. २०१६ च्या प्लॅस्टिकविषयक नियमांनी ही वेष्टने परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. ती कागदोपत्री किती पुरी होते आणि प्रत्यक्षात किती, याची तपासणी राज्यांच्या प्रदूषण मंडळांनी कंपन्यांच्या कार्यालयात न करता उरुळीसारख्या डेपोवर उभे राहून करावी.

राज्यातील महापालिकांच्या निवडणुका २०२६ च्या जानेवारीत झाल्या. पुण्यात आणि मुंबईत जवळजवळ चार वर्षांच्या प्रशासकीय राजवटीनंतर लोकांनी निवडलेले सभागृह आले. रस्ते, पूल आणि मेट्रो यांची आश्वासने प्रचारात भरपूर होती, कचऱ्याची फार थोडी. नव्या नगरसेवकांकडे मागण्यासारखे मात्र बरेच आहे आणि त्याला नव्या निधीची गरज नाही. ठेक्याचे पैसे वजनावर न देता किती घरांचा कचरा वेगळा आला यावर द्यावेत, तशी अट निविदेतच असावी. कचरावेचकांच्या संस्थांशी होणारे करार वर्षावर्षाने न लोंबकळवता दीर्घ मुदतीचे करावेत. एका प्रभागाचा ओला कचरा त्या प्रभागाची हद्द ओलांडणार नाही, असे एखाद्या तरी नगरसेवकाने आपल्या प्रभागापुरते करून दाखवावे. गणेशोत्सवात निर्माल्य वेगळे गोळा करून त्याचे खत करण्याची व्यवस्था अनेक शहरांत रुजली आहे. जे दहा दिवस श्रद्धेने जमते, त्यासाठी अकराव्या दिवशी निराळे तंत्रज्ञान लागत नाही.

सोसायट्यांच्या सभांत या विषयाला सामान्यतः शेवटची पाच मिनिटे मिळतात, तीही गाडी लावण्याच्या वादानंतर. तेथे बसणाऱ्या कार्यकर्त्यांनी आणि गृहिणींनी या वर्षी तो पहिला घ्यावा. गच्चीवर किंवा कुंपणालगत ओल्या कचऱ्याचा एक खड्डा, सुक्यासाठी एक कोपरा, आणि जी बाई तो नेते तिचे नाव सूचनाफलकावर, वॉचमन आणि प्लंबर यांच्या नावांच्या ओळीत. आषाढी वारीत माउलींची पालखी पुन्हा त्याच रस्त्याने जाईल. उरुळीच्या लोकांनी आजवर तिचे स्वागत कधी चुकवलेले नाही. पाण्याचे टँकर, चहा, फराळ, सावलीला मांडव, सारे ते दर वर्षी करतात, आणि मांडव घालताना वाऱ्याची दिशा पाहून घालतात.